+४४ वरून फोन आला आणि तुम्ही केएमटीत उभे आहात

ब्रिटनमधल्या विद्यापीठाची कचेरी सकाळी नऊला उघडते, तेव्हा कोल्हापुरात दुपारचे दीड वाजलेले असतात; तिकडे हिवाळा असेल तर अडीच. संध्याकाळी पाचला ती बंद होते, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा. तिकडं शिकायला अर्ज केलेल्या मुलांची फोनवर मुलाखत घ्यायची असते, तेव्हा तिथला माणूस त्याच्या कामाच्या वेळेतच फोन करतो. इकडे मात्र तो फोन कुणाला जेवणाच्या ताटावर गाठतो, कुणाला रंकाळ्यावर, कुणाला शिरोलीच्या रस्त्यावरच्या ट्रॅफिकमध्ये.

मला त्यानं केएमटीत, म्हणजे कोल्हापूरच्या सिटी बसमध्ये गाठलं होतं. बस दसरा चौकातून वळत होती, कंडक्टर तिकीट मागत होता, आणि पलीकडची बाई भराभर काहीतरी विचारत होती. मी प्रत्येक प्रश्नाला ‘येस, येस’ म्हणत गेले. एका प्रश्नात मला ‘रिसीव्ह्ड’ ऐकू आलं, त्यालाही येस म्हणाले. खरा शब्द होता ‘रिफ्यूज्ड’. याआधी कोणत्या देशानं तुम्हाला व्हिसा नाकारलाय का, असा तो प्रश्न होता. माझा पासपोर्ट कोरा करकरीत होता, तरी ते ‘येस’ निस्तरायला दोन आठवडे गेले. त्या दोन आठवड्यांत घरात कुणाला धड जेवण गेलं नाही.

आता राजारामपुरीत माझ्याकडे परदेशी जाणारी मुलं येतात, तेव्हा व्याकरणाच्या आधी आम्ही फोन उचलायला शिकतो. या सगळ्यातून माझी एक खात्री झाली आहे. तुमचं इंग्रजी किती चांगलं आहे हे बघायला हा फोन नसतो, त्यासाठी आयईएल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा झालेली असते. ज्याच्या नावानं अर्ज आलाय त्यानंच तो केलाय का, आणि आपण कुठं, कशासाठी, कुणाच्या पैशानं चाललोय हे त्याला ठाऊक आहे का, हे बघायला तो असतो. एवढं मनात पक्कं झालं की तयारीची दिशाच बदलते.

फोन कोण करतं आणि का

ब्रिटनचं आधी सांगते, कारण आपल्याकडची बरीच मुलं तिकडंच जातात. तिथं विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ तुमचं प्रायोजक असतं. ते ‘कॅस’ नावाचा क्रमांक देतं आणि त्याच्या आधारावर तुम्ही व्हिसाचा अर्ज करता. विद्यापीठानं कॅस दिलेल्या विद्यार्थ्यांपैकी ठराविक मर्यादेपेक्षा जास्त जणांचे व्हिसा नाकारले गेले, तर विद्यापीठाचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवानाच धोक्यात येतो. म्हणून कॅस देण्याआधी ते स्वतः तुमची मुलाखत घेतात. बहुतेक ठिकाणी ती वेळ ठरवून व्हिडिओवर होते. पण अर्जात काही अर्धवट दिसलं, कागद जुळले नाहीत किंवा प्रवेशाची मुदत जवळ आली, की सरळ फोन लागतो. काही विद्यापीठं हे काम बाहेरच्या संस्थेकडे देतात. काहींची माणसं दिल्ली-मुंबईत बसलेली असतात, तेव्हा नंबर +९१ चा दिसतो आणि मुलं त्याला क्रेडिट कार्डवाल्यांचा समजून कापतात.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट निराळी. तिथं २३ मार्च २०२४ पासून ‘जेन्युइन स्टुडंट’ ही अट आली आणि तुम्ही खरे विद्यार्थी आहात का, याची उत्तरं अर्जातच लिहून द्यावी लागतात. ती पडताळायला व्हिसा अधिकारी पूर्वसूचना न देता फोन करू शकतो. तुम्हालाच नव्हे, तुमच्या कंपनीला, बँकेला, कॉलेजलाही. कधी कधी नंबर दिसतच नाही. सिडनी-मेलबर्नची कचेरी सुरू होते तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन किंवा साडेचार असतात, आणि आपल्या दुपारच्या आत ती बंद होते. म्हणजे ऑस्ट्रेलियाचा फोन बहुधा सकाळचा.

अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत समोरासमोर, मुंबईला बीकेसीतल्या वकिलातीत होते. पण पीएचडीला अर्ज केला असेल तर एखादे प्राध्यापक दोन ओळींची ईमेल टाकून, कधी तीही न टाकता फोन करतात. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात. कॅलिफोर्नियाचे नऊ म्हणजे रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा. त्या फोनचा सूर वेगळा असतो, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

अर्जावर नंबर कुणाचा आहे ते आज बघा

हे काम वाचता वाचताच करून टाका. आपल्याकडे अर्ज बहुतेकदा कन्सल्टंट भरतो, आणि सोयीसाठी फोन नंबर आणि ईमेल स्वतःचाच घालतो. त्याच्या मनात काही वाईट असतं असं नाही. शंभर मुलांचे निरोप एका जागी यावेत एवढाच हेतू असतो. पण मग विद्यापीठाचा फोन त्याच्या ऑफिसात वाजतो. तिथली कुणी मुलगी तुमच्या वतीनं उत्तर देऊन बसली, तर पलीकडच्याला जी शंका होती ती खरी ठरते. अर्जाच्या पोर्टलचा पासवर्ड मागून घ्या, आत जाऊन नंबर तपासा, चुकीचा असेल तर बदला. कन्सल्टंट पासवर्ड द्यायला टाळाटाळ करत असेल तर विद्यापीठाला स्वतःच्या ईमेलवरून कळवा. अर्ज तुमच्या नावाचा आहे, त्यामुळे यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

मग फोनची सेटिंग. ट्रूकॉलर परदेशी नंबर आपोआप अडवत असेल तर ते बंद करा. आयफोनमध्ये अनोळखी नंबर गप्प करण्याची सोय असते, ती तेवढ्या दोन-तीन महिन्यांपुरती बंद ठेवा. परदेशातून आलेला फोन उचलायला आपल्याला पैसे पडत नाहीत. उलट फोन लावायचा असेल तर मात्र प्लॅनमध्ये आयएसडी सुरू असावं लागतं, ते आधी विचारून ठेवा.

देशांचे आकडे पाठ असू द्या: ब्रिटन ४४, आयर्लंड ३५३, जर्मनी ४९, ऑस्ट्रेलिया ६१, न्यूझीलंड ६४, अमेरिका आणि कॅनडा दोन्हींना १. भलत्याच देशाचा एक रिंग देऊन तुटलेला मिस्ड कॉल आला तर उलट फोन लावू नका, ती बिल वाढवायची जुनी युक्ती आहे.

सप्टेंबरच्या प्रवेशाचे फोन येतात जून, जुलै, ऑगस्टमध्ये. तेव्हा आपल्याकडे पाऊस धो धो असतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी गाठते, कधी ४३ ची धोका पातळी ओलांडते, आणि काही भागांतली वीज जाते, टॉवर बंद पडतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात हे किती दिवस चाललं ते कोल्हापूरकराला सांगायला नको. पॉवर बँक भरलेली ठेवा. घर नदीकाठच्या भागात किंवा रेंज नसलेल्या गावात असेल तर विद्यापीठाला आधीच कळवा: आमच्याकडे पुराची परिस्थिती आहे, फोन लागला नाही तर कृपया ईमेल करा. असं कळवणारा अर्जदार त्यांना जबाबदार वाटतो.

घरात आणि ऑफिसात सांगून ठेवा

अर्जात वडिलांचा नंबर दिलेला असतो, तिथं फोन गेला तर आजी उचलते आणि ‘राँग नंबर’ म्हणून ठेवते. घरातल्या प्रत्येकाला एकच वाक्य शिकवा: ‘प्लीज होल्ड’ किंवा ‘प्लीज कॉल आफ्टर टेन मिनिट्स’. आजीलाही जमतं. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आजीनं ते देवघराशेजारी मराठीत लिहून चिकटवलं होतं.

नोकरीचा अनुभव दाखवला असेल तर जास्त काळजी घ्या. गोकुळ शिरगावच्या किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत कंपनीचा लँडलाइन बहुतेक वेळा गेटवर वाजतो. वॉचमन म्हणतो, ‘साहेब नाहीत, असा कुणी इथं नाही.’ तो बिचारा खरंच तुम्हाला ओळखत नसतो, पण ऑस्ट्रेलियातल्या अधिकाऱ्याच्या वहीत ‘कंपनीनं इन्कार केला’ अशी नोंद होते. अनुभवपत्रावर ज्यांची सही आहे त्यांचा थेट मोबाइल नंबर द्या, आणि असा फोन येऊ शकतो हे त्यांना प्रत्यक्ष भेटून सांगा. शिफारसपत्र देणाऱ्या सरांनाही सांगा. त्यांनी त्या वर्षी पंधरा पत्रं दिलेली असतात. तुमचा प्रोजेक्ट कशावर होता हे त्यांना दोन ओळींत पुन्हा लिहून पाठवा.

एक कागद

एक साधा कागद घ्या आणि त्यावर हातानं लिहा. विद्यापीठाचं पूर्ण नाव, ते ज्या गावात आहे त्या गावाचं नाव. अभ्यासक्रमाचं नाव अर्जात आहे तसंच्या तसं, कारण ‘इंटरनॅशनल बिझनेस’ आणि ‘इंटरनॅशनल बिझनेस मॅनेजमेंट’ हे त्यांच्याकडे दोन निराळे अभ्यासक्रम असू शकतात. तुम्हाला खरोखर आवडलेले तीन विषय. फी किती, भरली किती, उरली किती, त्यांच्या चलनात. सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख. राहण्याची जागा आणि महिन्याचं भाडं. पैसे कुणाचे, कोणत्या बँकेत. पासपोर्ट नंबर, अर्ज क्रमांक. पदवीची टक्केवारी, एटीकेटी असतील तर किती आणि कोणत्या सत्रात.

कागद पिशवीत, त्याचा फोटो मोबाइलमध्ये. मात्र फोनवर तो वाचून दाखवायचा नाही. वाचणाऱ्याचा आवाज सपाट होतो, वाक्यं लांब होतात आणि ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं. आकडे आणि तारखा बघायच्या, बाकी आपल्या तोंडानं बोलायचं.

पहिला अर्धा मिनिट

फोन वाजला. +४४. छातीत धडधडतं, ते प्रत्येकाचं होतं. उचला आणि आधी समोरचा कोण आहे ते समजून घ्या.

‘हॅलो. येस, स्पीकिंग. मे आय नो हूज कॉलिंग, प्लीज?’

नाव आणि विद्यापीठ ऐकू आलं नाही तर पुन्हा विचारा. समोरच्याला तुमचं नाव म्हणताना अडखळायला होईल. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं नाव असतं, त्यामुळे मुलीलाही कधी कधी वडिलांच्या नावानं हाक मारतात. ‘नो, दॅट इज माय फादर’ म्हणून फोन द्यायला पळू नका. ‘दॅट्स माय मिडल नेम, यू कॅन कॉल मी...’ म्हणून आपलं नाव सांगा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मला त्या दिवशी कुणी सांगितली नव्हती. तुम्ही थांबवू शकता. बसमध्ये आहात, लग्नात आहात, शाहू स्टेडियमवर मॅच रंगात आलीय, शेजारच्या मंडळाचा डॉल्बी सुरू आहे. अशा ठिकाणी मुलाखत द्यायची सक्ती कुणी करत नाही.

‘थँक यू फॉर कॉलिंग. आय ॲम ऑन अ बस ॲट द मोमेंट अँड आय कान्ट हिअर यू क्लिअरली. कुड यू प्लीज कॉल मी बॅक इन ट्वेंटी मिनिट्स?’

बहुतेक जण हो म्हणतात. समोरच्यालाही स्वच्छ मुलाखत हवी असते, कारण त्याला त्याचा अहवाल लिहायचा असतो. वेळ ठरवताना ‘इंडियन टाइम’ हे शब्द जोडा आणि ठरलेली वेळ परत म्हणून दाखवा. ‘आत्ताच बोलावं लागेल’ असं उत्तर आलं तर उतरून घ्या, बाजूच्या दुकानात, बँकेत, देवळाच्या ओवरीत, जिथं भिंत आणि छप्पर असेल तिथं उभे राहा. दोन मिनिटं तरी प्रत्येकजण देतो. कागद काढा, पाणी प्या, हेडफोन लावा.

एकदा ‘नंतर करा’ म्हटलं म्हणजे त्या वेळेला तयार असलंच पाहिजे. दुसऱ्यांदा टाळलं तर तेच लक्षात राहतं.

हा फोन खरा आहे का

विद्यापीठ किंवा वकिलात फोनवर ओटीपी मागत नाही, कार्डाचा नंबर मागत नाही, ‘आत्ता इतके भरा नाहीतर जागा जाईल’ म्हणत नाही. असं काही आलं की फोन ठेवा. फसवणूक होऊन पैसे गेले तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. खरा माणूस तुमचा अर्ज क्रमांक स्वतः सांगू शकतो. शंका असेल तर शांतपणे म्हणा, ‘कुड यू प्लीज सेंड मी अ शॉर्ट ईमेल फ्रॉम युअर युनिव्हर्सिटी ॲड्रेस?’ खऱ्या माणसाला याचा राग येत नाही.

विचारतात काय

प्रश्न ठरलेले आहेत: हेच विद्यापीठ का, हाच विषय का, भारतात का नाही, पैसे कोण देणार, मध्ये रिकामं वर्ष का, पुढं काय. उत्तरं पाठ करू नका. कन्सल्टंटनं दिलेलं ‘वर्ल्ड क्लास फॅकल्टी अँड मल्टिकल्चरल एन्व्हायर्नमेंट’ हे वाक्य त्या अधिकाऱ्यानं त्याच दिवशी आणखी कुणाकुणाकडून ऐकलेलं असतं. ते आलं की तो पेन खाली ठेवतो.

एक मुलगा आला होता. वडिलांचं उद्यमनगरात छोटं मशीन शॉप, चुलत्यांची फाउंड्री. त्याला मटेरियल्सच्या विषयात एमएससी करायची होती. विचारलं, हाच विषय का? त्यानं तेच पाठ वाक्य म्हटलं. मग मी मराठीत विचारलं, ‘चुलत्यांच्या फाउंड्रीत माल परत कशामुळं येतो रे?’ तर हा पठ्ठ्या दहा मिनिटं थांबेना. कास्टिंगमध्ये ब्लोहोल कसे पडतात, वाळूत ओल जास्त राहिली की काय होतं, पावसाळ्यात रिजेक्शन का वाढतं, आणि चुलते अजून हातात वाळू दाबून अंदाज कसा घेतात. त्याला म्हटलं, हेच इंग्रजीत सांग. तुटक सांग, चुकलं तरी चालेल. फोनवर त्यानं तेच सांगितलं, आणि शेवटी एवढंच जोडलं की या विद्यापीठात अमुक विषयात कास्टिंगमधले दोष शिकवतात, तो मला शिकायचा आहे. त्याचं ‘इज’ आणि ‘आर’ अजून चुकतं. कॅस आठवड्यात आला.

म्हणून माझी रीत अशी आहे: आधी मराठीत. आपण काय शिकायला चाललोय हे आईला किंवा आजीला पाच मिनिटांत समजावून सांगा. त्यांना कळलं आणि त्यांनी एखादा उलटा प्रश्न विचारला, तर तुमच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे. मग तेच सोप्या इंग्रजीत न्या. हुपरीच्या चांदीकामातली मुलगी दागिन्यांच्या डिझाइनला चालली असेल, इचलकरंजीच्या मागवाल्याचा मुलगा टेक्स्टाइलला, गुऱ्हाळवाल्याची मुलगी फूड टेक्नॉलॉजीला, तर तुमचं उत्तर तुमच्या घरातच आहे. ज्यांच्या घरात असं काही नाही त्यांनी कॉलेजचा प्रोजेक्ट, नोकरीतलं एखादं अडलेलं काम, यातून सुरुवात करावी.

‘भारतात का नाही’ याला आपल्या विद्यापीठांची निंदा करून उत्तर देऊ नका. ऐकायला वाईट वाटतं आणि मुद्दाही सिद्ध होत नाही. तिकडं एका वर्षात एमएससी होते, अमुक विषय आहे, अमुक प्रयोगशाळा आहे, असं जे खरं असेल ते सांगा. इथल्या एखाद्या अभ्यासक्रमाचं नाव घेऊन फरक दाखवता आला तर उत्तम. याचा अर्थ तुम्ही शोधलं होतं.

‘पुढं काय’ या प्रश्नावर मुलं घाबरून ‘नक्की परत येणार’ एवढंच म्हणतात. परत येऊन काय करणार, ते सांगा. तिथं शिक्षणानंतर काम करायची परवानगी मिळते, ते नाकारायची गरज नाही, पण पदवीपेक्षा नोकरीचीच चर्चा जास्त झाली तर शंका येते. शिकताना आठवड्याला किती तास काम करता येतं हे विचारलं तर उत्तर माहीत असू द्या: ब्रिटनमध्ये पदवी आणि त्यावरच्या अभ्यासक्रमांना सत्र सुरू असताना आठवड्याला २० तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८. आणि फी पार्टटाइमच्या पैशातून भरणार असं चुकूनही म्हणू नका.

रिकामं वर्ष, एटीकेटी, विषय बदलणं यात खोटं बोलू नका. आईचं आजारपण असेल तर आजारपण सांगा, एमपीएससीची तयारी केली आणि जमलं नाही तर तेही सांगा. एमपीएससी म्हणजे काय हे मात्र एका वाक्यात समजावा, राज्य सरकारच्या नोकरीची स्पर्धा परीक्षा.

पैशाचा प्रश्न

इथं आपली मुलं सगळ्यात जास्त अडकतात, कारण आपल्या घरातला पैसा परदेशी माणसाच्या चौकटीत बसत नाही.

समजा वडिलांचा ऊस आहे. कारखान्याची बिलं हंगामात येतात, दुधाचं बिल वर्षभर सुरू असतं. शेतीचं उत्पन्न आपल्याकडे करमुक्त, म्हणून आयकर विवरणपत्रात ते फारसं दिसत नाही. अधिकाऱ्याला कागदावर गरीब शेतकरी दिसतो आणि फी मात्र लाखांत. तेव्हा हे तुम्हीच सांगायचं: वडील ऊस लावतात, साखर कारखान्याला घालतात, पैसे थेट बँकेत जमा होतात, शेतीच्या उत्पन्नावर भारतात आयकर नाही. एकर सांगताना अडीच एकर म्हणजे एक हेक्टर असा हिशोब ठेवा. गुंठे सांगू नका.

‘लाख’ म्हणू नका. समोरच्याला तो शब्द कळत नाही, किंवा ‘हंड्रेड थाउजंड’च्या जागी भलतंच काहीतरी कळतं. १५ लाख म्हणजे ‘वन पॉइंट फाइव्ह मिलियन रुपीज’. फी त्यांच्या चलनात सांगा.

काका पैसे देणार असतील तर नीट ऐका. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाला पैसे तुमच्या, किंवा आईवडिलांच्या, किंवा कायदेशीर पालकांच्या खात्यात लागतात. विवाहित असाल तर जोडीदाराचं खातं काही अटींवरच चालतं. काकांच्या खात्यातले चालत नाहीत. एकत्र कुटुंब आहे, काकांनीच मला वाढवलंय, हे सगळं खरं असलं तरी नियम तो आहे. म्हणून ती रक्कम आधीच वडिलांच्या खात्यात आणून सलग २८ दिवस एका रुपयानंही खाली न जाता ठेवावी लागते, आणि फोनवर ‘हे पैसे अचानक कुठून आले’ असं विचारलं तर काकांनी दिले, का दिले, हे सरळ सांगावं लागतं. जमीन विकली असेल, सोनं तारण ठेवलं असेल तर तेही सांगा, कागद जवळ ठेवा. पतसंस्थेतल्या ठेवीच्या भरवशावर राहू नका. पतसंस्था सहकार खात्याच्या कायद्याखाली येतात, रिझर्व्ह बँकेच्या परवान्याच्या बँका त्या नव्हेत. पैसे शेड्युल्ड बँकेत हलवा, आणि ते फोन येण्याच्या कितीतरी आधी.

शैक्षणिक कर्ज असेल तर बँक, रक्कम, मंजुरीची तारीख आणि हप्ता कधी सुरू होणार एवढं माहीत हवं. ‘ते पप्पांना माहिती’ हे उत्तर मी स्वतः ऐकलंय. पप्पांनी तुम्हाला शेजारी बसवून सांगावं आणि तुम्ही विचारावं, हे आपल्याकडच्या घरात अवघड जातं, मला ठाऊक आहे. पैशाचं मुलांशी बोलायची पद्धत नाही. तरी या एका कामासाठी एक संध्याकाळ काढाच.

फोनवरचं बोलणं

फोनवर मान डोलावलेली दिसत नाही. आपण ‘हं, हं’ म्हणतो, ते पलीकडे पोचत नाही. ‘येस’, ‘आय सी’ म्हणा. उत्तर आठवेना तर गप्प राहू नका, शांतता पसरली की लाइन तुटली असं वाटतं. ‘लेट मी थिंक फॉर अ मोमेंट’ म्हणा आणि खरोखर विचार करा. प्रश्न कळला नाही तर ‘येस’ कधीच म्हणू नका. माझं उदाहरण वर आहेच. ‘कुड यू प्लीज रिपीट दॅट?’ दोनदा विचारून कळलं नाही तर प्रश्न आपल्या शब्दांत मांडा: ‘डू यू मीन, हू विल पे माय फीज?’

आपल्या इंग्रजीतले काही शब्द तिकडं वेगळा अर्थ घेतात. ‘आय पास्ड आउट इन २०२३’ म्हटलं तर त्यांना तुम्ही चक्कर येऊन पडलात असं वाटतं. ‘आय ग्रॅज्युएटेड’ म्हणा. बॅकलॉग म्हटल्यावर त्यांना साठलेलं काम आठवतं. ‘आय फेल्ड टू सब्जेक्ट्स अँड क्लिअर्ड देम द नेक्स्ट सेमिस्टर’ हे सरळ आहे. स्पेलिंग सांगताना ‘के फॉर कोल्हापूर’ त्यांना कळणार नाही, ‘के फॉर किंग’ म्हणा.

उत्तरं तीन-चार वाक्यांची ठेवा. त्यांना पुढं विचारायचं असेल तर ते विचारतात.

प्राध्यापकांचा फोन

पीएचडी किंवा संशोधनाच्या जागेसाठी प्राध्यापक फोन करतात, तेव्हा त्यांना पैशाशी किंवा परत येण्याशी फारसं घेणं नसतं. त्यांच्यासोबत चार-पाच वर्षं काम करणारा माणूस कसा विचार करतो ते बघायचं असतं. त्यांचे अलीकडचे दोन तरी शोधनिबंध वाचलेले असावेत, आणि त्यातलं एक न कळलेलं असावं, म्हणजे प्रश्न विचारता येतो. ‘मला माहीत नाही, पण मी असं शोधेन’ हे वाक्य त्यांना आवडतं. तुमच्या प्रयोगात काय फसलं, हे विचारतात. फसलेलं सांगायला लाजू नका. इथं प्रश्न विचारण्याची पाळी तुमचीही येते. तुमच्या गटात किती विद्यार्थी आहेत, निधी किती वर्षांचा आहे, हे विचारणं उद्धटपणाचं नाही.

तीन चोरटे फोन

सराव असा करा. एका मैत्रिणीला, मामाला, कुणालाही प्रश्नांची यादी द्या आणि सांगा, येत्या आठवड्यात तीनदा मला न सांगता फोन कर. एक भाजी मंडईत, एक रात्री दहाला, एक सकाळी झोपेत. पहिला फोन वाईट जाईल. तिसऱ्याला तुम्ही स्वतःहून म्हणाल, ‘कुड यू कॉल मी बॅक?’ बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. आपण किती भराभर बोलतो ते तिथं कळतं. घाई झाली की आपण शब्दांची शेपटं खातो.

फोन झाल्यावर

जिथं असाल तिथं बसा आणि लगेच लिहून काढा: कोण होतं, किती वाजता, काय विचारलं, तुम्ही काय सांगितलं. दुसरा फोन आला तर उत्तरं जुळायला हवीत, आणि दोन दिवसांनी काहीच आठवत नाही. काही चुकीचं बोलून गेलात, आकडा किंवा तारीख, तर त्याच दिवशी ईमेल करा. ‘आजच्या संभाषणात मी अमुक म्हटलं, ते चुकलं, बरोबर असं आहे’ एवढं तीन ओळींत. मी तेव्हा चार दिवस भीतीनं थांबले होते, त्यामुळेच प्रकरण लांबलं.

मध्येच लाइन तुटली तर पाच मिनिटं फोन मोकळा ठेवा, कुणाला ‘अगं फोन आला होता’ सांगायला फोन लावू नका. परत आला नाही तर ईमेल. फोन चुकलाच तर आधी ईमेल आणि पोर्टल बघा, मग विद्यापीठाच्या वेबसाइटवरून त्यांच्या प्रवेश विभागाचा पत्ता घेऊन लिहा, आणि भारतीय वेळेनुसार तुम्ही केव्हा मोकळे आहात त्या दोन वेळा द्या.

मुलाखत चांगली गेली नाही आणि कॅस नाकारला, तर दुसरी संधी मिळते का ते विचारा. काही विद्यापीठं देतात. भरलेल्या डिपॉझिटचं काय होतं ते ऑफर लेटरसोबतच्या परताव्याच्या नियमांत लिहिलेलं असतं. ते पैसे भरण्याआधी वाचायचं असतं, पण अजून वाचलं नसेल तर आज वाचा.

व्हिसा हातात आला तरी तो हातानं लिहिलेला कागद फेकू नका. हँडबॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको. तिकडच्या विमानतळावर उतरल्यावर इमिग्रेशनच्या काउंटरवरचा माणूसही विचारू शकतो: कुठलं विद्यापीठ, कोणता विषय, फी कुणी भरली, राहणार कुठं.